डासांना लिक्विडची "सवय" होते म्हणजे नेमकं काय होतं?

कारेलीबागची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न शाळकरी वाटेल पण आमच्याकडे परवापासून जेवताना यावरून युद्ध चालू आहे म्हणून इथे टाकतेय. पाऊस ओसरला की नदीकाठी डासांचं काय होतं ते बडोद्यात कुणाला सांगायला नको. रात्रभर लिक्विड, वर कॉइल, तरी पठ्ठ्या डास त्याच मशीनच्या वायरवर बसलेला. सासरे म्हणाले सवय झालीय त्यांना, माणसाला तंबाखूची होते तशी, आधी चक्कर येते मग काही वाटत नाही. लेक यंदा दहावीत, सीबीएसई, ती म्हणाली आजोबा तसं नसतं, त्याला इव्होल्यूशन म्हणतात. आजोबा म्हणाले बरं मग समजाव. आणि तिथे गाडी अडली, कारण दहावीच्या एनसीईआरटीतून तो भाग २०२३ मध्येच काढलाय, धडा आता नुसता आनुवंशिकतेचा. मी कॉमर्सवाली, नवरा नेहमीप्रमाणे मोबाईलमध्ये.

तर प्रश्न असे. एक, तोच डास औषधाला सरावतो का, आणि सरावला तर त्याच्या पिल्लांना ते आयतं मिळतं का. दोन, २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात आमच्या मागच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर आली होती, तेव्हापासून ऐकतोय की मगर डायनासोरच्या काळापासून जशीच्या तशी आहे, मग तिला उत्क्रांती लागू नाही का. तीन, हा सासूबाईंचा, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत, त्यांना कुणी अडवलं होतं.

गूगल कर म्हणू नका, केलंय. जिथे जावं तिथे लांब मानेच्या जिराफाचंच उदाहरण आहे.

फतेगंज_बॉय

मला हॉस्टेलच्या मेसमधल्या डाळीची सवय झाली, ते पण इव्होल्यूशनच ने? 😀

निवृत्त_झूलॉजी

नाही रे बाबा, तुझी डाळ म्हणजे निव्वळ सवय, आणि ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. तू बदललास, पण तुझ्या मुलाला ती डाळ पहिल्या दिवशी तितकीच बेचव लागणार.

मी आयुष्य झूलॉजीच्या लॅबमध्ये काढलं, बेडूक, झुरळं, स्लाइडी, आणि दरवर्षी नवी मुलं याच खड्ड्यात पडायची. खड्डा आपल्या बोलण्यातच आहे. आपण म्हणतो प्राणी परिस्थितीशी "जुळवून घेतो". आता मराठीत जुळवून कोण घेतं? नवी सून. सासरचं तिखट खायला शिकते, पहाटे उठायला लागते, म्हणजे बाई तीच, बदलली. डासाचं असं काही होत नाही. लिक्विडने जो मरायचा तो मेला, आणि जो नाही मेला तो जन्मापासूनच तसा होता, त्याने काही शिकून घेतलेलं नाही.

त्यापेक्षा "नैसर्गिक निवड" मधला निवड शब्द धरा. पण निवडणूक, निवड समिती वगैरे डोक्यातून काढा आणि तांदूळ निवडणं आठवा. ताटात तांदूळ पसरलेत, आजी खडे काढतेय. एकही दाणा बदलत नाही, पण ढीग बदलतो. फरक एवढाच की इथे आजी नाहीये, खडा कुठला न दाणा कुठला हे ठरवायला कोणीच बसलेलं नाही, आणि उरलेले दाणे ताटातल्या ताटात पिल्लं घालतात.

आता डास. समजा तुमच्या मागच्या गटारात दहा हजार डास आहेत आणि त्यातल्या चार-पाच जणांच्या एका जीनमध्ये जन्मतःच बारीकशी चूक आहे. कॉइल न लिक्विडमधली बहुतेक औषधं एकाच घराण्यातली, पायरेथ्रॉइड म्हणतात, शेवंतीच्या जातीच्या एका फुलातल्या विषावरून केलेली. ती डासाच्या नसांवर जी सोडियमची दारं असतात ती उघडी अडकवून ठेवतात, मग डास आचके देऊन पडतो. त्या चार-पाच जणांच्या दाराची घडण एका अमिनो आम्लाने, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीने, वेगळी, तिथे औषध नीट बसतच नाही. औषध नव्हतं तेव्हा या वेगळेपणाचा फायदा शून्य, उलट थोडा तोटाच असेल. औषध आलं की बाकीचे गेले आणि हे उरले. एक मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते, आपल्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला दहा-बारा दिवस पुरतात, म्हणजे एका पावसाळ्यात किती पिढ्या झाल्या तुम्हीच मोजा, कॉमर्सवाल्या आहात. शरीरातच औषधाचे तुकडे करणारी एन्झाइम जास्त असलेले डास पण असतात, ते दुसरं खातं.

आपल्या देशाने हे फार मोठ्या प्रमाणावर भोगलंय. १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी केसेस धरल्या जायच्या. घरोघर डीडीटी मारलं, साठीच्या दशकाच्या मध्यावर आकडा लाखाच्या आसपास आला, लोकांना वाटलं संपला मलेरिया. १९७६ मध्ये परत ६४ लाख. त्याला कारणं बरीच, ढिलाई आली, पैसा कमी पडला, पण डीडीटीला दाद न देणारे डास हे त्यातलं मोठं. आणि गंमत बघा, डीडीटीसुद्धा त्याच सोडियमच्या दारावर काम करतं. म्हणजे आजोबांच्या पिढीने डीडीटी मारून जे डास निवडून ठेवले त्यांच्यातल्या काही जणांना आपलं लिक्विड आधीच अर्धं माफ होतं.

सेवउसळ_एक्स्ट्रा_तर्री

काका छान लिहिलंत पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. तो वेगळेपणा "आधीपासून" होता हे तुम्ही कशावरून म्हणता? औषध मारल्यावर जीवावर बेतलं, शरीराने मार्ग काढला, असं का नाही? माझ्या मुलाला डॉक्टरांनी ॲंटिबायोटिक दिलं तेव्हा म्हणाले कोर्स अर्धा सोडलात तर जंतू रेझिस्टंट होतील. होतील म्हणाले, होते नाही म्हणाले.

निवृत्त_झूलॉजी

वा, हाच खरा प्रश्न. मोठमोठे लोक यावर भांडले आणि तो सुटला १९४३ मध्ये. साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक अशी दोघं होती, दोघांनाही पुढे नोबेल मिळालं.

जंतूंना मारणारा एक व्हायरस असतो. प्लेटभर जंतूंवर तो ओतला की जवळजवळ सगळे मरतात, थोडे वाचतात. हे वाचलेले व्हायरस अंगावर आल्यावर तयार झाले की आधीचेच? लुरियाला युक्ती सुचली ती म्हणे कॉलेजच्या नाचाच्या कार्यक्रमात, एक सहकारी नाणी टाकायच्या जुगाराच्या मशीनवर खेळत होता ते बघताना. मशीन बहुतेक वेळा काहीच देत नाही आणि एखाद्या वेळी भसकन जॅकपॉट.

त्याने काय केलं, खूप साऱ्या वेगवेगळ्या नळ्यांमध्ये थोडे थोडे जंतू वाढवले आणि मग प्रत्येक नळी वेगळ्या प्लेटवर व्हायरससमोर ओतली. आता डोकं लावा. व्हायरस बघून जंतू मार्ग काढत असतील तर सगळ्या प्लेटवर वाचणाऱ्यांचा आकडा साधारण सारखा यायला हवा, कारण संकट सगळ्यांना एकाच वेळी, सारखंच. पण बदल आधीच नळीत कधीतरी योगायोगाने झाला असेल तर एखाद्या नळीत तो लवकर झालेला असणार, त्याची पोरं-नातवंडं धरून शेकडो, आणि बऱ्याच नळ्यांत झालेलाच नसणार, भोपळा. आकडे आले ते जुगाराच्या मशीनसारखे. बऱ्याच प्लेट रिकाम्या, काहींवर दोन-चार, एखाद्यावर शंभराच्या वर. म्हणजे व्हायरस ओतायच्या आधीच फैसला झाला होता.

तुमच्या डॉक्टरांचं चूक नाही, ते थोडक्यात बोलले. रेझिस्टंट "होतात" म्हणजे शरीरात त्यांची संख्या वरचढ होते. जंतू शिकत नाही, बाजूचे मेल्यामुळे त्याला मोकळं मैदान मिळतं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध मात्र सांगितल्यासारखंच घ्या, इथलं वाचून नाही.

जिराफाबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाहीये, ताईंनी हात जोडलेत.

लॅबवाली_ताई

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, छोटाउदेपूर, नर्मदा बाजूचे नमुने रोज हातात येतात म्हणून माणसातलं उदाहरण देते. सिकलसेल. तिकडच्या आदिवासी गावांमध्ये आम्ही आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतो, ट्यूबमागे धरलेल्या रेघा दिसल्या नाहीत, पाणी गढूळ झालं की पुढे एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या मशीनवर.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, त्यातलं फक्त सहावं बदललेलं. आई-वडील दोघांकडून हा जीन आला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, मुलं दुखण्याने किंचाळतात, मी ऐकलंय, विसरता येत नाही. मग एवढा वाईट जीन पाखडून जायला हवा होता ने इतक्या पिढ्यांत? गेला नाही कारण एकाच बाजूने आला तर माणूस जवळपास ठणठणीत राहतो आणि वर फाल्सिपॅरम मलेरिया जीवघेणा होण्यापासून बऱ्यापैकी वाचतो. ॲंथनी ॲलिसनने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. जिथे मलेरिया जास्त तिथे हा जीन जास्त.

म्हणजे काकांच्या ताटात हा दाणा खडा पण आहे आणि दाणा पण आहे, कुणाशी जोडी लागली त्यावर ठरतं. आणि निवडीला दया वगैरे काही नसते. शंभर मुलं मलेरियातून वाचली त्याची किंमत वेगळ्याच चार मुलांनी मोजायची, असा हिशोब एखाद्या माणसाने मांडला असता तर आपण त्याला काय म्हटलं असतं. दोघं कॅरिअर, म्हणजे एकाच बाजूने जीन आलेले, असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. म्हणून लग्नाआधी टेस्ट करा असं आम्ही घसा फोडून सांगतो. पत्रिका बघतात, सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड बघत नाहीत.

पूर_आला_की_फोन_येतो

मगरीचं मी घेतो. दर पावसाळ्यात रेस्क्यूवाल्यांबरोबर दोरी धरायला असतो, त्यामुळे थोडा हक्क आहे.

मगर जशीच्या तशी आहे हे खरं नाही. खरं इतकंच की पाण्यात लपून दबा धरायचा साचा फार जुना आहे. डोळे, कान, नाकपुड्या एका रेषेत डोक्याच्या वर, बाकी अख्खं धूड पाण्याखाली. हा साचा जिथे जिथे उथळ मंद पाणी आहे तिथे इतका चालतो की त्यातून जरा हटून जन्मलेलं पिल्लू बहुतेक वेळा तोट्यातच जातं. म्हणजे निवड थांबलेली नाही, ती रोज चालू आहे, फक्त ती मधल्यांना ठेवते आणि दोन्हीकडच्या टोकांना काढते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये.

आणि मगरीचे जुने भाऊबंद बघाल तर हसाल. मादागास्करला डायनासोरच्या शेवटच्या काळात सिमोसुकस म्हणून एक होता, मीटरभर सुद्धा लांब नाही, जमिनीवर राहणारा, थोबाड पगसारखं चपटं आणि दात पाला खाणाऱ्याचे. शाकाहारी मगर! काही खोल समुद्रात पोहणारे होते, शेपटीला माशासारखा पंख. ते सगळे गेले, हा एक साचा टिकला, आणि आपण म्हणतो बदलच नाही झाला. आजही आपल्या देशात तीन जाती आहेत, चंबळच्या घडियालचं तोंड चिमट्यासारखं बारीक, मासे धरायला, आणि आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरीचं तिच्या गोतावळ्यात सगळ्यात रुंद, तिला मासा, कासव, कुत्रं, जे येईल ते चालतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. विश्वामित्रीत शहराचं एवढं सांडपाणी येतं तरी मगरी राहतात, पुलावर हॉर्न वाजले तरी ढिम्म हलत नाहीत, याला लोक लगेच उत्क्रांती म्हणतात. ती फतेगंजवाल्याची डाळ आहे. मगर मुळात चिवट, एकटी मगर आयुष्यात बरंच शिकते. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण खाती वेगळी.

अजून एक, निवड म्हणजे दरवर्षी माल सुधारत जातो असंही नाही. गालापागोसमध्ये डाफ्ने मेजर नावाच्या एका पिटुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं, अक्षरशः प्रत्येक पक्ष्याच्या. १९७७ ला पाऊस पडलाच नाही, बारीक बिया संपल्या, कडक मोठ्या उरल्या, त्या फोडता येणारे जाड चोचीवाले जगले. एका जातीचे बाराशेच्या आसपास होते ते दोनशेच्या आत आले, आणि पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने अर्धा मिलिमीटर जाड. झालं, प्रगती? १९८३ ला धो धो पाऊस, बारीक बियांचा खच, आणि निवड उलटी फिरली, लहान चोचीवाले पुढे. चोच "चांगली" की "वाईट" ते त्या वर्षीचा पाऊस ठरवतो.

सेवउसळ_एक्स्ट्रा_तर्री

अर्धा मिलिमीटर. 😐 बरोबर आहे सगळं, पण डास शेवटी डासच राहिला, चिमणी चिमणीच. यातून वेगळाच प्राणी कसा होतो ते कुणी दाखवलंय?

कच्छचे_दगड

रविवारी कमाटीबागेत जा. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, लहानपणी सगळे त्याच्याखालून पळालोय. यावेळी पळू नका, त्याच्या पोहायच्या वल्ह्याकडे बघा. आत खांदा, दंड, मनगट, बोटं, सगळी हाडं आहेत. मासा असता तर काय करायची होती बोटं?

आणि तो जमिनीवरून पाण्यात कसा गेला त्याचे मधले कागद आपल्याच गुजरातेत सापडलेत. कच्छमध्ये साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत पाय असलेल्या देवमाशांची हाडं निघतात, तेव्हा तिथे उथळ समुद्र होता. त्यातल्या एकाचं नावच कच्छिसीटस, सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी २००० साली ठेवलेलं, पाणमांजरासारखा लांबोडका, शेपूट मोठी, पाय आखूड. त्याच्याही मागे गेलं तर जम्मू-काश्मीरच्या कालाकोटचा इंडोहायस, बकरीपेक्षा लहान, खुरं असलेला, पाण्यात चालणारा. कानाचं हाड मात्र देवमाशाचं, जाडजूड, तसं दुसऱ्या कुणाकडे नसतं. ते दगड रंगा राव या आपल्या भूवैज्ञानिकांनी कित्येक वर्षांपूर्वी गोळा करून ठेवले होते, आत काय आहे ते जगाला २००७ मध्ये कळलं. अर्धा-अर्धा मिलिमीटरच, पण एकाच दिशेने ढकलणारं पाणी आणि लाखो पिढ्या.

घाई असेल तर खंडेराव मार्केटला जा. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली, चारही एकच जात आहे, समुद्रकाठच्या एका रानटी पालेभाजीतून माणसाने निवडत निवडत काढलेल्या. एकाने पान धरलं, एकाने फूल, एकाने देठ. हजार-दोन हजार वर्षांत एवढं. निसर्गाकडे वेळच वेळ.

मांडवीकर

सासूबाईंच्या माकडाचं कुणीच घेतलं नाही म्हणून मी.

त्यांना विचारा, आपण मराठी माणसं बडोद्याला कशी आलो? पिलाजीराव-दमाजीराव गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात, कुणी नंतर. मग आपण महाराष्ट्रातून आलो तर महाराष्ट्रात मराठी माणसं अजून का आहेत? त्यांना कुणी अडवलं होतं? 😀

एक शाखा इकडे आली, बाकीची तिकडे राहिली, आणि दोन्ही आपापल्या परीने बदलल्या. पुण्याची मामेबहीण माझं मराठी ऐकून हसते, प्रत्येक वाक्याला "ने" काय लावतोस म्हणते, पण तिचं मराठी तरी कुठे पेशव्यांचं राहिलंय. म्हणजे मी पुण्याच्या आजच्या माणसापासून झालो नाही, आमचे दोघांचे खापरपणजोबा एक होते. चिंपांझीचं तसंच, तो आपला बाप नाही, चुलत घराणं. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. माकडं त्याच्याही आधी वेगळी झालेली.

पुरावा हवा तर ओट्यावरून पडलेल्या कुणालाही विचारा कुठलं हाड दुखतंय. माकडहाड म्हणतात त्याला, आपल्या लोकांनी नाव बरोबर ठेवलंय.

कारेलीबागची_आई

सगळ्यांचे आभार, काल रात्री सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. लेकीने तांदळाचं वहीत लिहून घेतलं. सासूबाईंना मांडवीकरांचं पटलं पण त्या म्हणतात मी सांगलीची, लग्न होऊन आले, माझा गायकवाडांशी संबंध नाही. लॅबवाल्या ताईंचं वाचून मात्र सगळेच गप्प झालो होतो.

रविवारी म्युझियमला गेलो. वल्ह्यातली बोटं खरंच आहेत हो! इतक्या वेळा गेलेय, कधी बघितलीच नव्हती, माझं लक्ष कायम त्या ममीकडे.

आता लिक्विड बंद करून घरात मच्छरदाण्या लावल्यात. त्यावर सासऱ्यांचा नवा प्रश्न, मच्छरदाणीला पण डास निवडले जाणार का?

निवृत्त_झूलॉजी

जाणार काय, आफ्रिकेत औषध लावलेल्या जाळ्या गावोगाव वाटल्यावर काही ठिकाणी डास माणूस जाळीत शिरायच्या आधीच, संध्याकाळी न घराबाहेर जास्त चावताना दिसलेत. यात डासांची जात किती बदलली आणि नुसती वेळ किती, यावर अजून काम चालू आहे. आजोबा संध्याकाळी कुठे बसतात?

कारेलीबागची_आई

ओट्यावर. साडेसहा ते आठ. लुंगीवर.